न्यूयॉर्कमधल्या जुन्या ज्यू डेलीत जेवायचं कसं

नवख्या माणसाची फजिती बहुतेक एकाच ठिकाणी होते: तो मांसाच्या दुकानात चीज मागतो, नाहीतर माशांच्या दुकानात पास्ट्रामी, म्हणजे मुरवून धुरावलेलं गोमांस. काउंटरवरचा माणूस मान हलवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मागे वीस जण खोळंबलेले असताना समजावत बसायला त्याला वेळ नसतो. म्हणून रांगेत शिरण्याआधी एक नियम डोक्यात पक्का करावा. कोशर पद्धतीत, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांत, मांस आणि दूध एका जेवणात येत नाहीत. भांडी वेगळी, चूल वेगळी, म्हणून दुकानंही वेगळी. अंडी, मासे, भाज्या, फळं आणि धान्य तिसऱ्या गटात मोडतात. त्यांना ‘पार्व’ म्हणतात, आणि ते दोन्हीकडे चालतात. मेनूकार्डावरच्या निम्म्या गोष्टी या एका नियमातून उलगडतात. शाकाहारी माणसाने कुठे जावं आणि कुठे जाऊ नये, हेही त्यातूनच कळतं.

दारातच ओळखा

न्यूयॉर्कमध्ये ‘डेली’ म्हणजे कोपऱ्यावरचं अंडं-पाव, सिगारेट आणि लॉटरीची तिकिटं विकणारं दुकानसुद्धा. ते इथे अभिप्रेत नाही. ज्यू डेली म्हणजे खारवलेल्या, धुरावलेल्या मांसाचं दुकान, जिथे बसून खायची सोय असते. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये अशी दुकानं थाटली. १९३० च्या दशकात शहरात दीड हजारांच्या आसपास कोशर डेली होत्या. आज त्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. मिडटाउनमधली स्टेज डेली २०१२ मध्ये बंद झाली, कार्नेगी डेली २०१६ च्या ३१ डिसेंबरला. जुनी प्रवासपुस्तकं अजूनही या दोघींकडे पाठवतात, तेव्हा यादी ताजी आहे ना ते आधी पाहा.

डेली खरोखर कोशर आहे की ‘कोशर-स्टाइल’, म्हणजे पदार्थ तेच पण नियम न पाळणारी, हे ओळखायला दोन खुणा पुरतात. दाराजवळ किंवा काचेवर देखरेख करणाऱ्या रब्बीचं (ज्यू धर्मगुरूचं) किंवा संस्थेचं प्रमाणपत्र लावलेलं असतं. ते दिसलं नाही तर मेनूत ‘रूबेन’ शोधा. खारवलेलं मांस, आंबवलेला कोबी आणि वर वितळलेलं स्विस चीज असं ते सँडविच. चीज खरं असेल तर जागा कोशर नाही, मग भिंतीवर कितीही डेव्हिडचे तारे असोत.

हाउस्टन स्ट्रीटवरची कॅट्झ १८८८ पासून चालू आहे, आणि ती कोशर-स्टाइल आहे. (टॅक्सीवाल्याला ‘ह्यूस्टन’ सांगू नका. टेक्सासमधलं शहर ह्यूस्टन, हा रस्ता हाउस्टन.) सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली १९५४ ची. २००६ मध्ये तिला मूळ जागा सोडावी लागली. आता ती पूर्व ३३ व्या रस्त्यावर आणि फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूवर आहे, नाव मात्र तेच ठेवलं आहे. तिच्याकडे कोशर प्रमाणपत्र आहे, पण ती शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशीही उघडी असते, त्यामुळे कडक पाळणारे काही ज्यू तिथे जेवत नाहीत. ब्रॉन्क्समध्ये रिव्हरडेलला लीबमन्स १९५३ पासून आहे. तिथे पर्यटक कमी आणि आजूबाजूचे रहिवासी जास्त.

कडक कोशर जागा शुक्रवारी सूर्यास्ताआधी बंद होते आणि शनिवारी अंधार पडल्यावर उघडते, किंवा थेट रविवारी. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्रायल मंडळींना गावकरी ‘शनवारतेली’ का म्हणत, हे ठाऊक असलेल्या वाचकाला याचं नवल वाटायचं नाही.

कॅट्झमध्ये: तिकिटापासून दरवाज्यापर्यंत

इथली पद्धत शहरात इतर कुठे सहसा दिसत नाही आणि गोंधळ इथेच सर्वांत जास्त उडतो. आत शिरताच प्रत्येकाच्या हातात एक छापील तिकीट देतात. ते जपून ठेवा. तुम्ही जे घ्याल त्याची नोंद काउंटरवरचा माणूस त्यावर करतो, आणि निघताना त्यावरूनच बिल होतं. तिकीट हरवलं तर ५० डॉलर दंड आहे, आणि तो थट्टेत लावलेला नाही. चौघं मिळून गेलात तर सगळं एकाच तिकिटावर लिहून घेतलं तरी चालतं, पण उरलेली तीन कोरी तिकिटंही बाहेर पडताना द्यावी लागतात. कोरं म्हणून चुरगाळून पेल्यात टाकलेलं तिकीट शोधत कचऱ्याच्या डब्याशी वाकलेले लोक तिथे नेहमी दिसतात.

डावीकडच्या भिंतीलगतच्या टेबलांवर वेटर येतात. घाई नसेल आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर तिथे बसा. पण पास्ट्रामी नीट खायची असेल तर काउंटरवर जा. तिथे कापणाऱ्यांच्या समोर चार-पाच वेगवेगळ्या रांगा लागतात. सगळ्या सारख्याच, त्यामुळे सर्वांत छोट्या रांगेत उभं राहायचं. दारापाशीचीच रांग बहुतेक सर्वांत लांब असते, कारण आत आलेला प्रत्येक जण पहिली दिसेल ती पकडतो. सोडा, फ्राइज आणि हॉट डॉगसाठी वेगळे काउंटर आहेत. दोघं असाल तर एकाने सँडविचच्या रांगेत राहावं आणि दुसऱ्याने पेय घेऊन टेबल धरावं.

नंबर आला की आधी तोंडात तयार असलेलं वाक्य बोला: ‘पास्ट्रामी ऑन राय, ज्यूसी, विथ मस्टर्ड.’ म्हणजे राय धान्याच्या पावात, चरबीसकट, मोहरी लावून. कापणारा वाफेच्या पेटीतून मांसाचा गोळा काढतो, कापायला लागतो आणि एक-दोन काप बशीत ठेवून तुमच्यापुढे सरकवतो. ते चाखण्यासाठीच असतात. कोरडं वाटलं तर तिथेच सांगा, तो दुसरा तुकडा काढेल. सँडविच बांधून झाल्यावर तक्रार करण्यात अर्थ नाही. समोरच्या पेल्यात एक-दोन डॉलर टाकायची रीत आहे, त्यासाठी सुटे पैसे खिशात हवेत. लोणचंही तिथेच मागून घ्या: फुल सावर (पूर्ण आंबवलेलं) की हाफ सावर (अर्धवट आंबवलेलं), एवढंच विचारतील.

वेळेबद्दल: रविवारी दुपारी जाऊ नका. आठवड्याच्या दिवशी तीन ते पाच ही सर्वांत सुखाची वेळ.

‘ज्यूसी’ का, आणि मेयोनेझ का नाही

पास्ट्रामी, कॉर्न्ड बीफ आणि ब्रिस्केट तिन्ही गोमांसच, पण एकच नव्हेत. कॉर्न्ड बीफ म्हणजे छातीचा भाग मिठाच्या पाण्यात मुरवून उकडलेला. पास्ट्रामीसाठी जुन्या डेल्या छातीच्या मागचा, पोटाकडचा ‘नेव्हल’ भाग घेतात, कारण त्यात चरबीचे थर जास्त असतात. तो आधी मिठाच्या पाण्यात मुरवतात, मग वर भरड मिरी, धणे आणि लसूण चोळून धुरावतात, उकडतात, आणि शेवटी गिऱ्हाईक येईपर्यंत वाफेवर ठेवतात. कॅट्झमध्ये मुरण्यालाच ३० दिवसांपर्यंत वेळ देतात. कारखान्यात मिठाचं पाणी सुईने आत सोडून तेच काम दीड दिवसात उरकतात. त्या मांसाला रंग येतो, पण चव तितकी मुरत नाही. साधं ब्रिस्केट मुरवलेलं नसतं, ते नुसतं मंद आचेवर शिजवलेलं असतं, म्हणून आतून करडं दिसतं. पास्ट्रामीचा गुलाबी रंग मुरवताना घातलेल्या नायट्राइटचा आहे. तो पाहून कच्चं समजू नका.

कमी चरबीचा म्हणजे ‘लीन’ भाग मागणं ही दुसरी मोठी चूक. तासन्‌तास वाफवलेल्या मांसात ओलावा टिकतो तो चरबीमुळे आणि वितळलेल्या स्नायूबंधांमुळे. लीन भागात दोन्ही कमी, म्हणून तो कापल्यावर मिनिटभरात चोथ्यासारखा लागतो, आणि महागही पडतो. सगळीच चरबी नको असेल तर ‘मीडियम’ म्हणा.

काप हातानेच हवेत. नीट वाफवलेली पास्ट्रामी इतकी मऊ असते की यंत्राच्या पात्यावर तिचा भुगा होतो. यंत्राने कागदासारखे पातळ काप निघत असतील तर मांस पुरेसं वाफवलेलं नाही, असं खुशाल समजा. सुरी धाग्यांना आडवी चालते. काप साधारण तीन-चार मिलिमीटर जाड असतात.

पाव राय, कॅरवे घातलेला. कॅरवे म्हणजे आपल्या शहाजिऱ्याचा चुलतभाऊ, आणि चरबीचा जडपणा तोच कापतो. मोहरी तिखट, तपकिरी, दाणेदार. मेयोनेझ मागितलं तर कोशर डेलीतही मिळू शकतं, कारण अंडं आणि तेल दोन्ही पार्व. नाक मुरडण्याचं कारण धर्म नाही, चव आहे: चरबीवर पुन्हा चरबी थापली की मिरी आणि धूर दोन्ही गुदमरतात. लेट्यूस आणि टोमॅटोचंही तेच. त्यांचं पाणी पावाचा लगदा करतं.

एका सँडविचमध्ये पाऊण पाउंडाच्या आसपास, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम मांस असतं. दोघांत एक सँडविच आणि एक सूप हा शहाणपणाचा हिशेब. वेटर असलेल्या काही ठिकाणी एक बशी दोघांनी वाटून खाल्ली तर जादा आकार लावतात, तो मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. सँडविच आल्याबरोबर खा. फोटो काढेपर्यंत चरबी थिजू लागते आणि खालचा पाव भिजतो. दर मॅनहॅटनमध्ये एका सँडविचला २५ डॉलरच्या पुढेच. यात लूट कमी आणि घट जास्त आहे: मुरवून, धुरावून, वाफवून होईपर्यंत मांसाचं वजन भराभर उतरतं.

वर विक्रीकर ८.८७५ टक्के. वेटर असेल तर टिप १८ ते २० टक्के, पण मोठ्या घोळक्याच्या बिलात ती आधीच मिळवलेली असते. आकडा नीट वाचा, नाहीतर दोनदा द्याल.

बीफ खात नसाल तर

टर्की पास्ट्रामी बऱ्याच ठिकाणी मिळते. ती ठीक असते, त्याहून जास्त काही नाही. चिकन सूपमध्ये तरंगणारा मात्झो बॉल म्हणजे बिनखमिराच्या पोळीच्या चुऱ्याचा आणि अंड्याचा गोळा. चिकन चालत असेल तर कोशर डेलीतली माझ्या मते सर्वांत भरवशाची वस्तू तीच.

शाकाहारी माणसाने मांसाच्या डेलीत फार जपून वागावं. मशरूम-बार्लीचं सूप नावापुरतं भाजीचं असतं, खाली बहुतेक वेळा बीफचा रस असतो. मात्झो बॉलमध्ये आणि क्वचित नीशमध्येही (सारण भरून भाजलेला पदार्थ) ‘श्माल्ट्झ’ म्हणजे कोंबडीची चरबी असते, कारण मांसाच्या स्वयंपाकघरात लोण्याला मज्जाव. ‘इज देअर मीट इन इट?’ असं विचारलंत तर ‘नो’ असं उत्तर येईल आणि ते खरंही असेल. विचारायचं ते असं: ‘श्माल्ट्झ? मीट स्टॉक?’ बटाट्याचे लाटके, म्हणजे किसलेल्या बटाट्याची तळलेली थालीपिठं, बहुधा तेलातले असतात, पण त्याच कढईत काय तळतात हेही विचारून घ्या. ते सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर खातात. साय मागू नका, नियम आठवा.

त्यापेक्षा सरळ दुधाच्या बाजूला जावं. सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरचं बी अँड एच डेअरी १९३८ पासूनचं. बोळाएवढी जागा, लांबच लांब काउंटर, हातभर रुंद वाट. तिथे मांस शिजतच नाही, मासे मात्र असतात. बोर्श्त (बिटाचं सूप) किंवा मटाराचं सूप घ्या, सोबत लोणी लावलेला जाड हाला, म्हणजे अंडं घातलेला पाव येतो. मग चीजचे ब्लिंट्झ, म्हणजे चीज भरून गुंडाळलेली पातळ धिरडी. हाउस्टन स्ट्रीटवर योना शिमेल १९१० पासून नीश भाजतात: पातळ आवरणात बटाटा, कोबी, पालक किंवा काशा, म्हणजे कुट्टूचा दलिया. तिथला नीश मुठीपेक्षा मोठा असतो. एकच घ्या आणि गरम करून मागा. गार नीश घशाखाली उतरत नाही.

माशांचं दुकान: ‘अपेटायझिंग’

मांस विकते ती डेली, आणि मासे, चीज, बेगल (उकळून भाजलेला कड्यासारखा पाव) विकतं ते ‘अपेटायझिंग’ दुकान. इंग्रजीत हे विशेषण असलं तरी न्यूयॉर्कच्या ज्यू बोलीत ते नाम आहे. मासे पार्व, म्हणून ते क्रीम चीजबरोबर बिनदिक्कत जातात. बेगलवर सॅल्मन आणि क्रीम चीज ही जोडी जन्माला आली ती याच पळवाटेतून. रस अँड डॉटर्स (१९१४, कॅट्झपासून पायी पाच मिनिटं), अपर वेस्ट साइडची बार्नी ग्रीनग्रास (१९०८, सोमवारी बंद) आणि ब्रॉडवेवरचं झेबार्स (१९३४) ही तीन नावं पुरेत.

आत गेल्यावर आधी नंबराचा कागद घ्या. नुसतं उभं राहून कुणी विचारणार नाही. नंबर पुकारेपर्यंत तीन गोष्टी ठरवा: पाव कोणता, चीज कोणतं, मासा कोणता. ‘लॉक्स’ शब्द सगळे सैल वापरतात, पण काउंटरवर तो नेमका आहे. लॉक्स म्हणजे सॅल्मनच्या पोटाचा भाग नुसत्या मिठात मुरवलेला, धूर नाही, आणि चांगलाच खारट. तुम्हाला बहुधा हवा असतो तो ‘नोव्हा’, कमी मिठाचा आणि थंड धुरातला. लॉक्स मागून घ्यायचं आणि मग पाणी पीत बसायचं, असं पुष्कळांचं होतं. सेबल हा लोण्यासारखा मऊ मासा, कडांना पॅप्रिका लावलेला. महाग आहे, पण एकदा चाखण्याजोगा.

पाव पाउंड नोव्हा, म्हणजे सुमारे ११५ ग्रॅम, दोन-तीन बेगलना पुरतो. तो हाताने इतका पातळ कापतात की खालच्या कागदावरची छपाई दिसावी. बेगल त्याच दिवशीचा असेल तर टोस्ट करायला सांगू नका. गरम पावावर क्रीम चीज पाघळतं आणि माशाचं तेल सुटतं. बियाली हा बेगलचा भाऊ, पण न उकळता भाजलेला, मध्ये भोकाऐवजी कांद्याचा खळगा. तो दुपारपर्यंत वातड होतो, म्हणून त्याला मात्र भाजून घ्यावं.

योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपवासानंतर घरोघरी बेगल आणि मासेच खातात. त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत या दुकानांची रांग फुटपाथवरून वळण घेते. तेव्हा पाऊल ठेवू नका. पासओव्हर या ज्यू सणाच्या आठवड्यात खमिराचा पाव वर्ज्य, म्हणून कोशर जागा बंद आहे का, ते आधी फोन करून विचारा.

पेय

डॉक्टर ब्राउन्सचा सेल-रे हा अजमोद्याच्या बियांचा सोडा. पहिला घोट विचित्र लागतो, पण पास्ट्रामीबरोबर तोच शोभतो. एग क्रीममध्ये अंडं नाही आणि सायही नाही: उंच ग्लासात ३० मिली चॉकलेट सिरप, ६० मिली अतिशय थंड सायीचं दूध आणि वरून जोरात सोडलेला दीडशे-पावणेदोनशे मिली सेल्टझर (साधं सोडावॉटर). चमचा तळाशी नेऊन झरझर ढवळायचं. फेस बसला तर सेल्टझर शिळा किंवा दूध पुरेसं थंड नव्हतं. दूध असल्यामुळे कोशर डेलीत हे मिळणार नाही. सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेलीत जेवणाअंती घोटभर चॉकलेट सोडा फुकट देतात, तो बिनदुधाचा.

हाफ सावर घरी

सगळ्या मेनूत घरी करायला सर्वांत सोपं हेच, आणि यात व्हिनेगर अजिबात नाही. बोटभर लांबीच्या, कडक, खरबरीत सालीच्या काकड्या १ किलो, पाणी दीड लिटर, मीठ ५५ ग्रॅम. फुल सावर हवं असेल तर मीठ ७५ ग्रॅम. सोबत ठेचलेल्या लसणाच्या ७-८ पाकळ्या, शेपूच्या फुलोऱ्यासह ४-५ काड्या, धणे, मोहरी आणि मिरी प्रत्येकी एक चमचा, दोन तमालपत्रं. पाणी उकळून पूर्ण गार करा, म्हणजे क्लोरीन निघून जातो. मीठ आयोडिन नसलेलं, भरड घ्या. टेबल मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या पुडीमुळे पाणी गढुळतं.

काकडीच्या देठाकडची नव्हे, फुलाकडची बाजू तीन मिलिमीटर कापून टाका. तिथल्या एन्झाइममुळेच आख्खी बरणी पिळपिळीत होते, आणि बहुतेक लोणची इथेच फसतात. काकड्या उभ्या ठासून भरा, वर वजन ठेवून पाण्याखाली दाबा, झाकण सैल ठेवा. २० अंशांच्या आसपास हाफ सावर ३ ते ५ दिवसांत होतं: साल हिरवीगार, आत पांढरट आणि कुरकुरीत. मग फ्रिजमध्ये. फुल सावरला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर आतला पांढरा भाग पूर्ण काचेसारखा ऑलिव्ह-हिरवा होतो. खोली २५ अंशांच्या वर गेली तर आंबणं घाईने होतं आणि काकडी मऊ पडते. पाणी धुकट झालं तर घाबरू नका, तसं व्हायलाच हवं. वर पांढरा पापुद्रा आला तर चमच्याने काढून टाका. रंगीत, केसाळ बुरशी आली तर मात्र बरणी फेका.

बांधून नेताना

मांस सँडविच बांधून नेऊ नका, अर्धा-एक पाउंड वेगळं घ्या, पाव आणि मोहरी वेगळी. कापलेले काप घरी मोदकपात्रात किंवा चाळणीत उकळत्या पाण्यावर ४-५ मिनिटं वाफवले की पुरे. न कापलेला किलोभराचा तुकडा असेल तर दीड-दोन तास, काटा टोचल्यावर सहज निघेपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये कडा चिवट होतात आणि चरबी वेगळी होऊन बशीत जमते. वाफवताना खालचं पाणी आटलं का ते अधूनमधून पाहा, आणि काप पावावर ठेवायच्या अगदी आधी काढा.